जाताना मुंबई, येताना हैदराबाद: आपला डेटा कोणत्या वाटेने फिरतो?

रात्रीचे साडेनऊ. परभणीतल्या एका घरात मॅच सुरू आहे. शेवटचं षटक, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठतं, मधोमध चकरी फिरायला लागते. मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली तर शंभर एमबीपीएस पुरेपूर. केबलवाल्याला फोन केला तर तोही म्हणतो, "दादा, स्पीड तर फुल येतोय, तुमचा टीव्ही बघा बरं एकदा." गल्लीच्या पलीकडे दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आहे, तिथे तीच मॅच सुरळीत चालू आहे.

यात कुणीच खोटं बोलत नाही. स्पीड टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या, स्वतःच्याच नेटवर्कमध्ये असतो किंवा त्याला अगदी खेटून. ती चाचणी घरापासून वेशीपर्यंतचा रस्ता मोजते. मॅच येते वेशीपलीकडून. तिकडे मुंबईत आयएसपीचं एक पोर्ट, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कांशी जोडणारं दार, ओसंडून वाहत असतं आणि त्याच आयएसपीचं हैदराबादचं पोर्ट रिकामं पडलेलं असतं. मग थोडी गर्दी इकडची तिकडे का वळवत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर लांबलचक आहे.

## मोंढा आणि आडत्या

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कांचा गोतावळा: मोबाइल कंपन्या, गावोगावचे आयएसपी, व्हिडिओ पुरवणारे, बँका, विद्यापीठं. प्रत्येकाला एक एएस नंबर असतो, व्यापाऱ्याच्या परवाना क्रमांकासारखा. एका नेटवर्कातून दुसऱ्यात डेटा न्यायचे मुख्य मार्ग दोन. पहिला ट्रान्झिट: मोठ्या कंपनीला पैसे मोजायचे, ती तुमचा डेटा जगात कुठेही पोचवते. दुसरा पीअरिंग: दोन नेटवर्कांनी फक्त आपापल्या ग्राहकांपुरती थेट देवाणघेवाण करायची, सहसा फुकटात, मध्ये कुणी नको.

पीअरिंगसाठी प्रत्येकाच्या दारापर्यंत वेगळी फायबर न्यायची म्हटली तर घरदार विकावं लागेल. म्हणून एक्स्चेंज. मोंढ्यात शेतकरी-व्यापारी एका आवारात येतात. बाजार समिती जागा आणि काटा पुरवते, सोयाबीन स्वतः विकत घेत नाही. एक्स्चेंजचंही तसंच असतं. डेटा सेंटरमध्ये मोठे स्विच, म्हणजे अनेक नेटवर्कांना एकमेकांशी जोडणारी यंत्रं, बसवलेले असतात, तुम्ही १, १० किंवा १०० जीबीपीएसचं (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) पोर्ट घ्यायचं आणि त्या एका पोर्टावरून तिथे आलेल्या सगळ्यांशी व्यवहार करायचा. प्रत्येकाशी वेगळी बोलणी करायची नसतील तर तिथे 'रूट सर्व्हर' नावाचा आडत्या असतो. तो सौदा जुळवतो, कोणाचा माल कुठे जातो ते सांगतो, पण माल त्याच्या दुकानातून जात नाही, गाडी थेट घेणाऱ्याकडे. हे लक्षात ठेवा, पुढे एका बिघाडात याचा संबंध येणार आहे.

भारतात २००३ साली 'निक्सी', म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, सुरू झालं ते याचसाठी. त्याआधी दोन भारतीय कंपन्यांमधला डेटासुद्धा अनेकदा परदेशात जाऊन परत येई. आता निक्सीशिवाय खासगी एक्स्चेंजही आहेत. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचं डी-सिक्स जगातल्या सर्वांत मोठ्या एक्स्चेंजांपैकी एक, आणि त्यांचं एक्स्चेंज मुंबईतही आहे. तेव्हा 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे निदान डेटाच्या बाबतीत तरी एकाच स्विचवर खरं होऊ शकतं.

ही नेटवर्कं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव बीजीपी. १९८९ साली कर्क लॉकीड आणि याकोव्ह रेख्टर या दोन इंजिनिअरांनी जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनांवर तिचा पहिला आराखडा काढला. तिच्यात मुळात एकच गोष्ट सांगितली जाते: 'या या पत्त्यांपर्यंत माझ्यामार्फत पोचता येईल, वाटेत अमुक अमुक नेटवर्कं लागतील.' पत्ता म्हणजे इथे नेटवरच्या यंत्राचा आयपी क्रमांक. वाट सांगितली जाते. वाटेवर गर्दी किती, हे बीजीपीला कळतच नाही. ओसंडणारं पोर्ट आणि रिकामं पोर्ट तिच्या लेखी सारखंच. पुढची सगळी उस्तवार यातून निघते.

## जाणारा माल आपल्या हातात

मराठवाड्याची जागाच अशी आहे की दोन्हीकडे हात पोचतो. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, मुंबई जवळपास दुप्पट. देवगिरी एक्स्प्रेस ज्या दोन टोकांमध्ये धावते, त्याच दोन टोकांना इथल्या आयएसपीची दारं असतात: एक मुंबईच्या एक्स्चेंजवर, एक हैदराबादच्या.

बाहेर जाणाऱ्या डेटासाठी कोणतं दार वापरायचं हे आपला, म्हणजे आयएसपीचा, राउटर (वाट निवडणारं यंत्र) ठरवतो आणि राउटर आपलं ऐकतो. तो सर्वांत आधी बघतो की कोणता पत्ता जास्त नेमका आहे. मग 'लोकल प्रेफरन्स' नावाचा आकडा बघतो. बहुतेक राउटरांत तो मुळात १०० असतो आणि मोठा आकडा जिंकतो. साधारण पद्धत अशी की स्वतःच्या ग्राहकांकडून आलेल्या वाटांना ३००, एक्स्चेंजवरच्यांना २००, विकतच्या ट्रान्झिटला १००. म्हणजे फुकटची वाट असताना विकतची वापरली जात नाही. आकडे सारखे असतील तर वाटेत कमी नेटवर्कं लागणारी वाट घेतली जाते. तिथेही बरोबरी झाली तर पुढच्या काही निकषांनंतर राउटर जवळच्या दारातून बाहेर पडतो. आपल्या वावरातलं पाणी लवकरात लवकर बांधापलीकडे काढून द्यावं, तसं प्रत्येक नेटवर्क करतं. जितका वेळ डेटा आपल्या फायबरवर, तितका खर्च आपला.

इथवर सगळं सोपं. गोची अशी की घरगुती ग्राहकांचा आयएसपी पाठवतो थोडं आणि मागवतो भरमसाट. जे पूर्ण हातात आहे ते ओंजळभर, आणि पोर्ट भरतं ते येणाऱ्या डेटानेच.

## येणारा माल म्हणजे वऱ्हाड

लग्नाची पत्रिका छापताना तुम्ही मंगल कार्यालयाचा पत्ता देता, मागे नकाशाही छापता. पण वऱ्हाड कोणत्या रस्त्याने येईल हे त्यांचा ड्रायव्हर ठरवतो. येणाऱ्या डेटाचं अगदी असंच आहे. पाठवणाऱ्या नेटवर्कचा राउटर त्याच्या मालकाचं ऐकतो, तुमचं नाही. तुमच्या हातात असते ती पत्रिका. ती कशी छापायची याच्या तीन-चार युक्त्या आहेत.

पहिली युक्ती सगळ्यांना माहीत असते आणि सगळ्यांत जास्त फसते. एका दारावर आपलाच एएस नंबर दोन-तीनदा लिहायचा, म्हणजे ती वाट लांब दिसते. याला प्रीपेंडिंग म्हणतात. पत्रिकेत 'या रस्त्याने फेरा पडतो' असं छापण्यातलाच प्रकार. फसतं कारण वर सांगितलेला क्रम: वाटेची लांबी बघण्याआधी समोरचा राउटर त्याचा लोकल प्रेफरन्स बघतो. त्याने एक्स्चेंजवरच्या वाटेला २०० आणि विकतच्या वाटेला १०० दिलेले असतील, तर एक्स्चेंजवर तुम्ही तुमचा नंबर दहादा लिहिला तरी तो तिथूनच येणार. फुकटचा रस्ता लांब आहे म्हणून कुणी टोल भरायला जात नाही. दोन्ही दारं एकाच प्रकारची असतील, तरच प्रीपेंडिंगला अर्थ. तेव्हाही दोन-तीनच्या वर लिहून फारसं काही साधत नाही.

दुसरी युक्ती जबरदस्त आहे: जास्त नेमका पत्ता. आयएसपीकडे पत्त्यांचे गठ्ठे असतात. '/२२' म्हणजे १,०२४ पत्ते, '/२३' म्हणजे ५१२, '/२४' म्हणजे २५६. आकडा वाढतो तसा गठ्ठा लहान आणि पत्ता नेमका. एका दारावर पूर्ण /२२ जाहीर केला आणि दुसऱ्यावर त्यातलाच एक /२४, तर ज्याला दोन्ही दिसतात तो त्या २५६ पत्त्यांसाठी डोळे झाकून दुसऱ्या दाराला येतो. 'परभणी' एवढंच लिहिलेल्या पत्रिकेपेक्षा 'वसमत रोड, अमुक मंगल कार्यालय, मागचं गेट' लिहिलेली पत्रिका वरचढ ठरते. इथे लोकल प्रेफरन्सचीही मात्रा चालत नाही. मर्यादा एकच: आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, /२४ पेक्षा लहान गठ्ठा बहुतेक नेटवर्कं स्वीकारत नाहीत, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत /४८ पेक्षा.

तिसरी युक्ती 'कम्युनिटी'. जाहिरातीला, म्हणजे वाट जाहीर करणाऱ्या त्या पत्रिकेला, जोडलेली एक खूण, जिचा अर्थ ट्रान्झिट कंपनीने किंवा एक्स्चेंजने आधीच ठरवून दिलेला असतो: 'ही वाट अमक्या नेटवर्कला सांगू नको', 'तमक्यासमोर लांब दाखव' वगैरे. ज्याच्या खुणांची यादी समोर नाही त्याला खुणा करून उपयोग नाही. चौथी एमईडी नावाची, एकाच शेजाऱ्याशी दोन ठिकाणी जोडलेलं असाल तर 'हे दार बरं' असं सुचवणारी. शेजारी ऐकेल याची खात्री नाही.

## आठ हजार घरांचा हिशेब

समजा, परभणीत एक आयएसपी आहे, आठ हजार कनेक्शनं. रात्री नऊ-दहाच्या सुमारास एका घरामागे सरासरी अडीच एमबीपीएस धरू, म्हणजे एकूण २० जीबीपीएस. यातलं ११ परभणीतच असलेल्या कॅशमधून येतं. कॅश म्हणजे मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी आयएसपीच्या खोलीत ठेवलेलं गोदाम, लोक जास्त बघतात ते तिथे आधीच भरून ठेवलेलं. उरलेले ९ जीबीपीएस बाहेरून यायचे. दारं तीन, प्रत्येक १० जीबीपीएसचं: मुंबई एक्स्चेंज, हैदराबाद एक्स्चेंज आणि मुंबईतच घेतलेलं ट्रान्झिट.

दोन्ही एक्स्चेंजवर सारखीच पत्रिका छापली. पहिल्या रात्री आकडे आले: मुंबई साडेसात, हैदराबाद अर्धा, ट्रान्झिट एक. कारण पाठवणाऱ्यांचे सर्व्हर मुंबईत जास्त, आणि प्रत्येक जण बांधाजवळच्या दारातून पाणी काढून देणार. दहाच्या पोर्टवर साडेसात म्हणजे अजून जागा आहे असं वाटेल. पण आलेखावरचा आकडा पाच मिनिटांची सरासरी असतो. त्या पाच मिनिटांत मधलेच काही क्षण पोर्ट पूर्ण भरलेलं असतं आणि तेवढ्यात डेटाची पाकिटं, म्हणजे त्याचे छोटे तुकडे, गळतात. मॅचच्या रात्री तर सरासरीच साडेनऊवर जाते, आणि लेखाच्या सुरुवातीची चकरी फिरायला लागते.

आता पत्रिका बदलायची. ग्राहकांना प्रत्येकी वेगळा पब्लिक पत्ता, म्हणजे बाहेरच्या नेटला दिसणारा पत्ता, मिळत नाही. सीजीनॅट नावाच्या यंत्रामागे शेकडो घरं थोड्या पत्त्यांत वाटून बसवलेली असतात. इथे ते यंत्र परभणीतच आहे आणि आयएसपीकडे एक /२२ आहे, म्हणजे चार /२४. प्रत्येक /२४ मागे दोन-दोन हजार घरं बसवली की येणाऱ्या डेटाचे चार साधारण सारखे ढीग झाले. मुंबईतून येणाऱ्या साडेसातपैकी एका ढिगाच्या वाट्याला सुमारे १.९ येतात.

पहिलं पाऊल: /२२ दोन्ही एक्स्चेंजवर आणि ट्रान्झिटवर कायम ठेवायचा, आणि चौथा /२४ फक्त हैदराबादच्या एक्स्चेंजवर वेगळा जाहीर करायचा. जी नेटवर्कं दोन्हीकडे आहेत ती या ढिगासाठी हैदराबादला येतात. फक्त मुंबईत असणारी मुंबईतूनच येत राहतात, कारण त्यांना /२२ च दिसतो. समजा दीड जीबीपीएस हलले: मुंबई ६, हैदराबाद २. एक पूर्ण संध्याकाळ थांबायचं, आलेख बघायचा. मग तिसरा /२४: मुंबई साडेचार, हैदराबाद साडेतीन. एका रात्रीत दोन्ही बदल करायचे नाहीत. काही मोठ्या व्हिडिओ कंपन्या स्वतःची मोजमापं बघून सावकाश जागा बदलतात, आणि काय केल्याने काय झालं ते नंतर कळत नाही.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. तोच /२४ चुकून ट्रान्झिटवरही जाहीर झाला, तर फक्त मुंबई एक्स्चेंजवर असलेल्या नेटवर्कांना तो नेमका पत्ता ट्रान्झिटच्या वाटेने दिसतो. नेमका पत्ता जिंकतो. जे फुकट येत होतं ते विकतच्या दाराने यायला लागतं आणि महिनाअखेरीस बिल बघून घाम फुटतो.

दुसरा खड्डा कागदोपत्री आहे. पत्त्यांचा सातबारा असतो, त्याला आरओए म्हणतात. अमुक गठ्ठा अमुक एएस नंबरच जाहीर करू शकतो आणि किती लहान तुकड्यापर्यंत, हे त्यात सहीनिशी नोंदवलेलं असतं. भारतात ही नोंद निक्सीच्याच 'आयआरआयएनएन' या विभागातर्फे होते. नोंद '/२२, तुकडे नाहीत' अशी असेल आणि तुम्ही /२४ जाहीर केला, तर तपासणारी नेटवर्कं तो बनावट समजून फेकून देतात. गठ्ठा हलतच नाही, आणि माणूस राउटरमध्ये चूक शोधत बसतो. म्हणून आधी सातबारा दुरुस्त करायचा, मग जाहिरात. जे तुकडे जाहीर करणार तेवढ्यांचीच नोंद करावी. उगाच सगळ्या तुकड्यांना मोकळीक दिली तर दुसऱ्या कुणी तुमच्या नावाने तुकडा जाहीर केला तरी तो खरा वाटू शकतो.

## 'असं वेगवेगळं जाहीर करणं मोठ्या कंपन्या चालवून घेतात?'

सगळ्या नाही. मुंबईत सर्व्हर असलेल्या कंपनीला तुमच्या पत्रिकेमुळे डेटा स्वतःच्या फायबरवरून हैदराबादपर्यंत न्यावा लागतो. तो खर्च तिचा. म्हणून बऱ्याच मोठ्या नेटवर्कांच्या पीअरिंगच्या अटींत 'सगळ्या ठिकाणी सारखीच जाहिरात' असं कलम असतं. ते मोडलं तर ती तुमचे तुकडे गाळू शकतात, संबंधही तोडू शकतात. अशा ठिकाणी सरळ ईमेल करून विचारलेलं बरं: आमचं मुंबईचं पोर्ट भरतंय, थोडा भार हैदराबादहून देता येईल का? या धंद्यात अशी विनंती नवलाची नसते. निम्मी गर्दी राउटरपेक्षा ईमेलनेच हलते असं म्हटलं तरी चालेल.

## 'जवळचं एक्स्चेंज ते चांगलं, एवढं सोपं नाही का?'

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. १०० किलोमीटरचं जाणं-येणं म्हणजे १ मिलिसेकंद. परभणी ते मुंबई फायबरची लांबी ६०० किलोमीटर धरली तर ६ मिलिसेकंद, हैदराबाद ४०० धरलं तर ४. हा दोन मिलिसेकंदांचा फरक गेम खेळणाऱ्यालाही कळणार नाही. भरलेल्या पोर्टच्या रांगेत मात्र सहज पन्नास-शंभर मिलिसेकंद जातात, वर पाकिटं गळतात ती वेगळीच. त्यामुळे या दोन शहरांमध्ये निवड करताना अंतर दुय्यम. कोण तिथे आहे आणि पोर्ट किती भरलंय, हे आधी.

मग छत्रपती संभाजीनगरलाच एक्स्चेंज का नको, असाही प्रश्न येतो. स्विच आणि खोली हा त्यातला स्वस्त भाग. मोंढा बांधता येतो, व्यापारी आणता येत नाहीत. जालन्याचा माणूस लातूरच्या सर्व्हरवरचं फारसं काही बघत नाही. त्याला हवं ते मोठ्या व्हिडिओ कंपन्यांकडे आहे आणि त्यांची गोदामं तिथे आली तरच पाच-सहा स्थानिक आयएसपींना तिथे पोर्ट घेण्यात अर्थ. आली, तर फायदा मोठा: मुंबईपर्यंतच्या बॅकहॉलचं, म्हणजे आपल्या गावापासून एक्स्चेंजपर्यंतच्या भाड्याच्या फायबरचं, पोर्टच्या फीपेक्षा कितीतरी जड असलेलं ओझं हलकं होईल.

## 'दोन कंपन्यांची फायबर घेतली, आता निर्धास्त'

दोन कंपन्यांच्या बिलावर दोन नावं असतात, जमिनीत चारी एकच असू शकते. रस्ता रुंदीकरणाला जेसीबी आला की दोन्ही एका फटक्यात. फायबर घेताना कंपनीचं नाव नंतर, आधी मार्गाचा नकाशा मागावा आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघावेत. खरा फरक हवा तर एक वाट रस्त्याकडेची आणि दुसरी रेल्वेमार्गालगतची, किंवा विजेच्या उच्चदाब मनोऱ्यांवरून जाणारी. रेलटेल आणि पॉवरग्रिड अनुक्रमे तशीच फायबर वापरतात. पुलावर किंवा शहराच्या तोंडाशी दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येत नाहीत ना, तेही पाहावं.

मग येतो हिशेब. परभणी-मुंबई वाट तुटली तर मुंबई एक्स्चेंज आणि ट्रान्झिट दोन्ही गेले. वरच्या उदाहरणात हैदराबादच्या पोर्टवर साडेसहा जीबीपीएस येतील, ते मावतात. पण फक्त मुंबईत असलेल्यांचा दीड आणि ट्रान्झिटचा एक, असे अडीच कुठून येणार? एक्स्चेंज म्हणजे अख्खं इंटरनेट नव्हे, तिथे जे आले तेवढेच. बँकेची साइट त्यात नसेल तर ती बंद. म्हणून हैदराबादलाही एक ट्रान्झिट ठेवावं लागतं. ते रोज रिकामंच असतं, याचं फार वाईट वाटून घेऊ नये. ट्रान्झिटचं बिल अनेकदा '९५ टक्के' पद्धतीने होतं: ३० दिवसांत पाच-पाच मिनिटांच्या ८,६४० नोंदी, त्यातल्या सर्वांत मोठ्या ४३२ सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतली मोठी नोंद धरायची. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. दहा तास फायबर तुटली आणि महिन्यात दुसरं काही झालं नाही, तर ती गर्दी बिलात येतच नाही.

## दिवा हिरवा, नेट बंद

सगळ्यांत फसवा बिघाड पूर्ण बंद पडण्याचा नसतो. जेसीबीने परभणी-मुंबई फायबर तोडली असं धरा. मुंबईच्या डेटा सेंटरमधला तुमचा राउटर मात्र ठणठणीत आहे, एक्स्चेंजच्या पोर्टचा दिवा हिरवा आहे. त्या राउटरवर कुणीतरी कधीकाळी /२२ ची कायमची नोंद ठोकून ठेवली असेल, तर तो निवांतपणे जगाला सांगत राहतो की परभणीचा माल इकडे आणा. लोक आणतात. राउटरकडे पुढे न्यायला वाट नाही, तो माल तिथेच फेकून देतो. हैदराबादला वेगळे जाहीर केलेले दोन /२४ चालू राहतात, उरलेले दोन बहुतांशी ठप्प. तक्रारी कशा येतात बघा: एकाच गल्लीत एका घरी नेट छान, शेजारी बंद, आणि तिसऱ्याकडे अर्ध्याच साइट उघडतात. लाइनमन घरोघरी वायरी तपासत फिरतो.

उपाय साधा आहे: पत्त्यांचा उगम परभणीत ठेवायचा, आणि मुंबईच्या राउटरने परभणीकडून ऐकलं तरच पुढे सांगायचं. परभणीचा आवाज बंद, की मुंबईची जाहिरात बंद.

याचा चुलतभाऊ एक्स्चेंजच्या आत घडतो. रूट सर्व्हरशी बोलणं चालू आहे, पण ज्याच्याकडे गाडी जायची त्याच्याकडे जाणारा स्विचमधला रस्ता बंद. आडत्या सौदे सांगत राहतो आणि गाड्या खड्ड्यात. म्हणून ज्या चार-पाच नेटवर्कांकडून सर्वांत जास्त डेटा येतो त्यांच्याशी आडत्याशिवाय थेट जोडणी ठेवावी. थेट जोडणीतही समोरचा गप्प झाल्याचं कळायला बीजीपीला तिच्या मुळातल्या वेळेनुसार ९० किंवा १८० सेकंद लागतात. बीएफडी नावाची वेगळी धडधड-तपासणी लावली तर सेकंदाच्या आत.

ठरवून करायच्या कामाला हा त्रास नको असेल, तर वायर काढण्याआधी त्या दाराची जाहिरात काढून घ्यायची, आपला जाणारा डेटाही दुसऱ्या दाराने वळवायचा, आलेख जवळपास शून्यावर येईपर्यंत थांबायचं, मग हात लावायचा. वीस मिनिटं जास्त जातात.

## 'चूक झाली तर नुकसान आपलंच ना?'

इथे नाही. मुंबईत ऐकलेल्या सगळ्या वाटा हैदराबादला जशाच्या तशा सांगितल्या तर काय होईल? हैदराबादची नेटवर्कं तुमच्या परभणीमार्गे मुंबईला जायला लागतील. फुकटात सगळ्यांचा माल वाहणारे तुम्ही, आणि दहाचं पोर्ट काही मिनिटांत गुदमरणार. याला रूट लीक म्हणतात. बाहेर सांगताना फक्त स्वतःचे आणि स्वतःच्या ग्राहकांचे पत्ते, बाकी सगळं आडवायचं, हा नियम प्रत्येक दारावर लिहावा लागतो. समोरचाही तुमच्या वाटांच्या संख्येवर मर्यादा लावतो. चार पत्ते जाहीर करणाऱ्याने एकदम चार हजार सांगितले तर जोडणी आपोआप तुटते.

नेमक्या पत्त्याची ताकद जगाने २४ फेब्रुवारी २००८ ला पाहिली. यूट्यूब देशात बंद करण्याच्या आदेशावरून पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ स्वतःच्या नावाने जाहीर केला. तो देशापुरता राहायला हवा होता, पण त्यांना ट्रान्झिट देणाऱ्या कंपनीने न तपासता पुढे दिला. दोन तासांच्या आसपास यूट्यूब जगात बऱ्याच ठिकाणी गायब होतं. हैदराबादला आपण जी युक्ती गर्दी वळवायला वापरतो, तीच ही.

## 'हे सगळं आपोआप का होत नाही?'

मोठ्या कंपन्यांमध्ये बऱ्यापैकी होतं. बीजीपीला गर्दी दिसत नाही, म्हणून त्या वरून स्वतःची यंत्रणा बसवतात, जी आलेख बघून वाटा बदलते. छोट्या आयएसपीने ते करू नये असं नाही, पण यंत्राने दर पाच मिनिटांनी पत्रिका बदलायला सुरुवात केली तर समोरच्यांचे राउटर वैतागतात, आणि दोघांकडेही यंत्र असेल तर दोघं एकमेकांना चुकवत झोके घेत राहतात. तीन दारांसाठी एक जागरूक माणूस, आलेख आणि ७० टक्क्यांवर वाजणारी घंटा पुरते.

## ग्राहकाने काय बघायचं

दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला, त्याच साइटवर, फोनऐवजी वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून पिंग (जाण्या-येण्याचा वेळ मोजणारी चाचणी) आणि ट्रेसरूट (वाटेतल्या टप्प्यांची यादी) लावा. दुपारी १० आणि रात्री ९० मिलिसेकंद येत असतील तर कुठेतरी रांग आहे. ट्रेसरूटच्या यादीत मधलाच एखादा टप्पा हळू दिसला आणि शेवटचा वेगवान असेल, तर तो दोष नाही. मधले राउटर अशा चौकशांना उत्तर देणं मुद्दाम मागे ठेवतात. एका टप्प्यापासून पुढे शेवटपर्यंत सगळेच वाढले असतील, तर तिथे लक्ष द्या.

ही यादी फक्त जाणारी वाट दाखवते, येणारी नाही. गर्दी बहुधा येणाऱ्या वाटेवर असते आणि ती तपासायला समोरच्या टोकाहून तुमच्या पत्त्याकडे ट्रेसरूट लावावं लागतं. काही एक्स्चेंज आणि ट्रान्झिट कंपन्या त्यासाठी 'लुकिंग ग्लास' नावाचं पान खुलं ठेवतात. तुमच्या आयएसपीचा इंजिनिअर ते वापरू शकतो, पण त्याला तुमचा पब्लिक पत्ता लागेल. 'माझा आयपी' असं शोधलं की तो दिसतो. तक्रारीत वेळेसोबत तो लिहा. तुमचं घर चार ढिगांपैकी कोणत्या ढिगात आहे, हे त्यावरूनच कळतं.